पहिली जोखीम कुणाची?

इंद्रायणी तांदळाच्या पिशवीवर गिरणीचं नाव असतं, वजन असतं, भाव असतो, कधी एखाद्या गडाचं चित्रही असतं. हा तांदूळ घडवला कुणी, ते मात्र कुठल्याही पिशवीवर नसतं. कामशेत ते तळेगाव या पट्ट्यात कुठल्याही दुकानात विचारलं तर 'आपल्या मावळातला आहे' एवढंच उत्तर मिळतं. ते खरंच आहे, गिऱ्हाइकाला वाटतं त्याहून जास्त खरं आहे. वडगाव मावळला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या सरकारी पगारावरच्या शास्त्रज्ञांनी आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या दोन जातींचा संकर करून ही जात तयार केली आणि १९८७ मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती आली. आज पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत रोज शिजणारा हा मऊ, वासाचा भात सरकारी तिजोरीतून निघालेला आहे.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. माहेर नाणे मावळातलं, भातखाचरांचं. बारावीला सार्वजनिक वित्तव्यवस्थेचा धडा असतो. त्यात सरकारची बंधनकारक आणि ऐच्छिक कार्यं येतात: संरक्षण, कायदा-सुव्यवस्था, शिक्षण, आरोग्य. हा धडा चालू असताना दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ''मॅडम, पण नवीन काही काढायचं असेल तर ते कंपन्याच काढतात ना? सरकार फक्त परवानगी देतं.'' विचारणाऱ्या मुलाच्या डब्यात बहुतेक वेळा इंद्रायणीच असतो.

मुलाचा दोष नाही. मोठमोठी माणसं हेच म्हणत आली आहेत. सरकारने बाजूला व्हावं, रस्ता मोकळा ठेवावा, पंच म्हणून उभं राहावं आणि खेळ खाजगी उद्योगांवर सोडावा, असा विचार गेली चाळीस वर्षं जगभर शहाणपणाचा मानला गेला. त्याला ठामपणे आणि पुराव्यानिशी अडवणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांत मारियाना माझुकातो हे नाव आज सर्वांत पुढे आहे. त्यांचा जन्म १९६८ मध्ये रोमचा. बालपण अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला गेलं. वडील तिथे भौतिकशास्त्रज्ञ होते. सध्या त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवतात. तिथे २०१७ मध्ये त्यांनी नवनिर्मिती आणि सार्वजनिक हित यांचा अभ्यास करणारी संस्था उभी केली. २०१३ मध्ये आलेलं त्यांचं 'द आंत्रप्रन्युरिअल स्टेट' हे पुस्तक जगभर वाचलं गेलं. मांडणी सरळ आहे. नव्या शोधातला सगळ्यांत अवघड, सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत बेभरवशाचा टप्पा बहुतेक वेळा सरकारच्या पैशाने पार पडतो. खाजगी भांडवल येतं ते वाट थोडीफार दिसू लागल्यावर. पुढे यशाचं श्रेय मात्र उशिरा आलेल्यालाच मिळतं.

त्यांचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आयफोनचं आहे. त्यांनी तो फोन भागाभागाने उलगडून दाखवला. इंटरनेटची सुरुवात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेतून झाली. जीपीएस ही मुळात त्यांच्या सैन्याची व्यवस्था. बोटांनी चालणाऱ्या पडद्याचं तंत्र विद्यापीठातल्या ज्या संशोधकांनी पुढे नेलं त्यांना सरकारी विज्ञान निधीचा आधार होता. बोललेलं ऐकून उत्तर देणारी 'सिरी' संरक्षण खात्याने पैसा दिलेल्या एका प्रकल्पातून निघाली. ॲपलने हे सगळं एकत्र आणलं, ते देखणं आणि वापरायला सोपं केलं. ते कौशल्य माझुकातो नाकारत नाहीत. त्या एवढंच म्हणतात की गोष्ट सांगायची तर पहिल्या पानापासून सांगा.

मला ही मांडणी पटली ती फोनमुळे नव्हे, भातामुळे. म्हणून तो भात कसा झाला ते जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे पूर्वी आंबेमोहोर होता. शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास यायचा म्हणून ते नाव. आमचे आण्णा सांगत की पिठलं नसलं तरी नुसत्या भातावर मीठ टाकून जेवण व्हायचं. पण या भाताचं रोप उंच, काडी नाजूक. लोंबी भरली आणि परतीच्या पावसाची एक सर वाऱ्यासकट आली की सगळं खाचर लोळायचं. लोळलेलं भात चिखलात पडून काळं पडायचं, दाण्याला कोंब यायचे. खत घालावं तर रोप आणखी उंच होऊन आणखी लवकर पडायचं. त्यामुळे उतारा कमीच. घरात खायला पुरलं तर नशीब, विकायला काय राहणार?

दुसरीकडे फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आयआर ८ ही जात दिली होती. इंडोनेशियातली एक उंच जात आणि तैवानमधली एक बुटकी जात यांचा तो संकर. बुटका बांधा, जाड काडी, खत घातलं की दाणा वाढणार, रोप आडवं होणार नाही. आशियातला भुकेचा प्रश्न हलका करण्यात या जातीचा मोठा वाटा आहे. पण चवीला ती फिकी आणि वासाला शून्य. मावळी माणसाने ती आनंदाने खाल्ली नसती.

या दोघांचं लग्न लावायचं म्हणजे काय करायचं? भाताचं फूल स्वतःचंच परागण स्वतः करतं आणि उघडतं तेही दिवसातून थोडाच वेळ. म्हणून आदल्या दिवशी एकेका फुलाचं टरफल कापून चिमट्याने त्यातले पुंकेसर काढायचे, लोंबीवर पिशवी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचे पराग त्यावर झटकायचे. एवढं करून हाती मोजके दाणे येतात. खरी कसोटी पुढे आहे. बहुतेक वासाच्या भातांत वासाचा गुण सुप्त असतो आणि आयआर ८ चा बुटकेपणाही सुप्त. पहिल्या पिढीत दोन्ही लपतात. दुसऱ्या पिढीत दोन्ही गुण एकत्र दिसण्याची शक्यता साधारण सोळात एक. त्यात पुन्हा दाण्याचा आकार, पिकायचा कालावधी, रोग सोसण्याची ताकद, शिजल्यावरचा मऊपणा हे सगळं जुळायला हवं. म्हणजे शेकडो-हजारो रोपांतून निवडत जायचं. निवडलेल्याचं बी पुढच्या खरिपात लावायचं, पुन्हा निवडायचं, असं पाच-सहा पिढ्या, वाण स्थिर होईपर्यंत. मग वेगवेगळ्या गावांत चाचण्या, मग प्रसारणाची मंजुरी. अशा कामाला साधारणपणे दहा-बारा वर्षं जातात. मधल्या काळात विकायला काहीच नसतं. बहुतेक संकर अर्ध्या वाटेवर टाकून द्यावे लागतात आणि त्यांची नावंही कुणाला कळत नाहीत.

आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. बाजार केवढा? मावळ, मुळशी, भोर, वेल्हे, जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग, असा सह्याद्रीच्या कुशीतला पट्टा. वेळ बारा वर्षं. त्यात भात स्वपरागित, म्हणजे शेतकऱ्याने एकदा बियाणं घेतलं की दोन-तीन वर्षं घरचंच बी पेरलं तरी चालतं. दरवर्षी गिऱ्हाईक परत येण्याची खात्री नाही. कुठल्याही हिशेबाने हा धंदा बसत नाही. तो बसला सरकारच्या हिशेबात, कारण तिथे नफ्याची रेघ वेगळ्या जागी ओढलेली होती. केंद्रातला माणूस निवृत्त झाला तरी त्याच्या वहीतलं काम दुसऱ्याने पुढे चालवलं. माझुकातो ज्याला दमाचं भांडवल म्हणतात ते हेच.

आणि इथे त्यांचा एक मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. जुनं अर्थशास्त्र सांगतं की जिथे बाजार अपुरा पडतो तिथे सरकारने जाऊन डागडुजी करावी आणि परत फिरावं. माझुकातो म्हणतात, हे वर्णनच तोकडं आहे. सरकार कित्येकदा नसलेला बाजार घडवतं. इंद्रायणीचं बघा. १९८७ च्या आधी मावळातला भात बराचसा घरात खपायचा. इंद्रायणीने घरचं भागवून वरचा माल दिला. त्यावर भाताच्या गिरण्या वाढल्या, पाच-दहा किलोच्या पिशव्या निघाल्या, बचत गटांच्या बायका पॉलिश न केलेला तांदूळ विकू लागल्या, पुण्यातल्या सोसायट्यांत दिवाळीनंतर थेट शेतकऱ्याकडून पोती जाऊ लागली. आमच्या घरात माझी बारावीनंतरची फी भाताच्या पैशातून भरली गेली. हा सगळा व्यापार खाजगी आहे, कष्टाचा आहे, त्यात सरकारी काही नाही. पण ज्या जमिनीवर तो उभा आहे ती जमीन वडगावच्या केंद्राने तयार केली.

नुसतं बी तयार होऊनही भागत नाही. केंद्राचं मूळ बियाणं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशी साखळी लागते. ती विद्यापीठ आणि १९७६ मध्ये अकोल्याला स्थापन झालेलं महाबीज यांनी सांभाळली. कृषी सहायक बांधावर उभे राहून चारसूत्री लावण शिकवत होते: तूस-पेंढ्याचा पुनर्वापर, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणं, दोरीवर नियंत्रित लावणी आणि रोपांच्या चार चुडांच्या मध्ये हाताने खोचायची युरिया-डीएपीची गोळी. डॉ. नारायण सावंत यांच्या नावाशी जोडलेली ही पद्धत खत पाण्याबरोबर वाहून जाऊ देत नाही. धो धो पावसाच्या मावळात हे किती मोलाचं, ते भातलावणीला वाकलेल्या बाईला विचारावं.

सरकारने पहिली जोखीम घ्यावी या विचाराला आपल्या मराठी मुलखात पूर्वज आहे, आणि तो थोर आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं, ते माझुकातोंच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावं असं आहे. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले खुल्या व्यापाराचे नियम सगळ्या देशांना, सगळ्या काळात लागू पडतात, हे त्यांनी अमान्य केलं. फ्रीडरिश लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा दाखला देत त्यांनी म्हटलं की जिथे एकट्यादुकट्याची किंवा सहकाराची ताकद पुरत नाही तिथे राज्यसंस्थेने राष्ट्राच्या वतीने पुढे झालं पाहिजे. लोखंडाचे कारखाने काढण्याच्या पहिल्या प्रयत्नांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. रानड्यांच्या वाट्याला सरकार परकं होतं, तरीही ते त्याच्याकडून हे कर्तव्य मागत होते. केवढं धैर्याचं मागणं ते!

आणि त्या परक्या सरकारला जोखीम घ्यायची कशी हे माहीत नव्हतं असंही नाही. पुरावा खंडाळ्याच्या घाटात उभा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनच्या भागधारकांची खाजगी कंपनी. १८४९ च्या कराराने तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने दिली. धंदा बुडाला तरी भागधारकाला पाच टक्के मिळणार आणि तूट इथल्या रयतेच्या महसुलातून भरून निघणार. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. अठराशे फुटांहून जास्त चढ, सदतिसात एक असा उभा उतार, पंचवीस बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच काळात वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. हजारो मजूर पटकीने, तापाने, अपघातांनी गेले. त्यांची यादी कुठे नाही. लोणावळ्याला जाताना खिडकीतून दरी बघणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी मनात आणावं असं मला वाटतं. जोखीम सगळ्यांची, मिळकत मोजक्यांची, याचं इतकं उघडंनागडं उदाहरण क्वचित सापडेल.

माझुकातोंचा दुसरा मोठा मुद्दा हाच आहे, आणि माझ्या मते तो पहिल्याहून महत्त्वाचा आहे. सरकारने जोखीम घेतली तर यशातला वाटा कुठे? त्या टेस्लाचं उदाहरण देतात. २०१० मध्ये अमेरिकन सरकारने टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर कर्ज दिलं. त्याच सुमारास सोलिंड्रा या सौरऊर्जा कंपनीच्या ५३.५ कोटी डॉलर कर्जाची हमी घेतली. २०११ मध्ये सोलिंड्रा बुडाली आणि सरकारला धंद्यातलं काय कळतं म्हणून गदारोळ झाला. टेस्लाने २०१३ मध्ये मुदतीआधी कर्ज फेडलं आणि तिचे शेअर आकाशाला भिडले. त्यात सरकारला व्याजापलीकडे काही नाही. खाजगी गुंतवणूकदार दहा ठिकाणी पैसा लावतो, आठ बुडतात, दोन तरतात आणि त्या दोनांतून आठांची भरपाई होते. सरकारच्या वाट्याला बुडालेल्याची बदनामी येते आणि तरलेल्यातला हिस्सा नाही. मग पुढच्या प्रयोगाला पैसा कुठून येणार?

सरकारने यशात वाटा मागणं अशक्य नाही, हे आपल्याकडेच दिसलं. कोव्हॅक्सिन ही लस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भारत बायोटेकबरोबर विकसित केली. विषाणू वेगळा करण्याचं काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झालं. करारात निव्वळ विक्रीच्या पाच टक्के रॉयल्टी परिषदेला द्यायची असं ठरलं होतं. टक्का योग्य होता की कमी यावर वाद घाला, पण वाटा असावा हे तत्त्व करारात उतरलं.

आमच्या तालुक्यात याची दुसरी बाजू बघायची तर गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये जावं. व्हॅलेंटाइन डेच्या आधी मावळातून गुलाब परदेशी जातात. या धंद्यामागे सरकार ठिकठिकाणी आहे: तळेगावला एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क, कृषी पणन मंडळाचं फलोत्पादन प्रशिक्षण केंद्र, पॉलिहाऊसला अनुदान. तरुण शेतकऱ्यांनी कर्ज काढून, रात्र रात्र जागून हे उभं केलं आहे आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण टॉप सीक्रेटसारख्या जातींची मालकी परदेशी पैदासकार कंपन्यांकडे असते आणि अशा रोपामागे रॉयल्टी मोजावी लागते. तिथल्या पैदासकाराने स्वतःच्या ज्ञानाची किंमत ठरवली आणि ती वसूल केली. आपण इंद्रायणीसारखं ज्ञान शेतकऱ्याला मोफत दिलं. तेही बरोबरच, बियाण्यावर शेतकऱ्याकडून कर घ्यावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण चकचकीत पिशवीत भरून शहरातल्या मॉलमध्ये इंद्रायणीच्या नावावर जो मोठा व्यापार चालतो, त्यातला एक बारीकसा हिस्सा वडगावच्या केंद्राकडे का वळू नये? ते नाव बाजारात चालतं, कारण केंद्राने ते नाव खाण्यालायक केलं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचंही असंच. मोठ्या खाजगी कंपनीची निविदा महाग वाटली म्हणून राज्य सरकारने १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ काढलं आणि देशातला पहिला सहापदरी काँक्रीटचा द्रुतगती मार्ग स्वतःच्या हिमतीवर बांधला. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. दोनच वर्षांनी टोलवसुलीचा हक्क पंधरा वर्षांसाठी ९१८ कोटी रुपयांना खाजगी कंपनीकडे गेला. कर्ज फिटायला ती रक्कम उपयोगी पडली, हे खरं. पण रस्त्यावर गाड्या धावतात हे सिद्ध झाल्यानंतर पुढची मिळकत आधीच विकून टाकावी का, हा प्रश्न विचारायला हवा होता आणि तो पुरेसा विचारला गेला नाही.

हे सगळं मी एकदा माहेरी भावाला सांगत होते. तो म्हणाला, ''ताई, सरकार म्हटलं की मला बौर आठवतं.''

मावळात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याची योजना होती. तिच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी बौरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. ज्यांच्या जमिनी धरणाने आधीच घेतल्या होत्या, ज्यांच्यातल्या कित्येकांचं पुनर्वसन रखडलं होतं, त्यांनाच न विचारता पाण्याचा नवा मार्ग ठरवला गेला होता. नवी योजना, शहराची गरज, आधुनिक तंत्र, सगळं कागदावर होतं. म्हणून मी माझुकातोंची बाजू मांडते तेव्हा एक गोष्ट सोडून मांडू शकत नाही. सरकारने धाडस करावं, पण कशासाठी करावं हे ज्यांच्या अंगावर ते येणार त्यांच्याबरोबर बसून ठरवावं. २०२१ च्या 'मिशन इकॉनॉमी' या पुस्तकात त्यांनी चंद्रावर माणूस उतरवण्याच्या मोहिमेचा दाखला देऊन मोठी उद्दिष्टं ठरवायला सांगितलं आहे आणि ती ठरवण्यात नागरिकांचा सहभाग हवा असंही सांगितलं आहे. चंद्रावर कुणाची शेती नव्हती. इथे प्रत्येक मोहिमेखाली कुणाचा तरी सातबारा असतो, त्यामुळे हा सहभाग आपल्याकडे आधी यायला हवा.

माझुकातोंना विरोधकही तगडे आहेत. डिअर्ड्रे मॅक्लॉस्की आणि अल्बेर्तो मिंगार्दी यांनी २०२० मध्ये त्यांच्या मांडणीवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, सरकारने कुठेतरी पैसा दिला होता म्हणून शोधाचं श्रेय सरकारला जात नाही. शोधातून उपयोग काढणारे असंख्य लोक, त्यांची चुरस, गिऱ्हाइकाची निवड यांतून नवनिर्मिती होते. यात तथ्य आहे. वडगावहून इतरही जाती आल्या, फुले मावळ आली, फुले समृद्धी आली. घराघरांत नाव झालं ते इंद्रायणीचं, आणि ते शेतकऱ्यांनी शेजाऱ्याला बी देऊन, बायकांनी शिजवून चव पारखून केलं. पण या निवडीसाठी समोर काहीतरी यावं लागतं, आणि बारा वर्षं पगार देऊन ते समोर कुणी आणलं याचं उत्तर विरोधकांच्या युक्तिवादात मला सापडत नाही.

२०२३ मध्ये माझुकातोंनी रोझी कॉलिंग्टन यांच्याबरोबर 'द बिग कॉन' लिहिलं. सरकारं आपलं डोकं सल्लागार कंपन्यांकडे गहाण टाकतात आणि हळूहळू स्वतः विचार करण्याची, काम करण्याची ताकद गमावतात, असा त्याचा आशय. शेतीसंशोधनाच्या बाबतीत मला याची सर्वांत जास्त धास्ती वाटते. भात निवडणारी नजर पुस्तकातून येत नाही. ती दहा खरीप त्याच खाचरात चालल्यावर येते आणि जुन्या माणसाबरोबर नवा माणूस चालला तरच पुढे जाते. पद रिकामं राहिलं तर ती साखळी तुटते, आणि तुटलेली साखळी पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात निधी टाकून जुळत नाही.

आणि काम तर समोर उभं आहे. परतीचा पाऊस हल्ली ऐन कापणीत ठाण मांडून बसतो. इंद्रायणी पिकायला १३५ ते १४० दिवस घेतो. तो उभा असतानाच भिजतो, कापून खाचरात पसरला तरी भिजतो. दहा-पंधरा दिवस आधी तयार होणारा, ओल सोसणारा, लोळणार नाही असा आणि तरीही चव-वासाने इंद्रायणीच वाटेल असा भात मावळाला हवा आहे. त्याचा संकर येत्या खरिपात झाला तरी बियाणं शेतकऱ्याच्या रोपवाटिकेत पडायला दहा-बारा वर्षं लागतील. तोवर माझे आजचे बारावीचे विद्यार्थी तिशीत असतील. त्यांतल्या काहींनी त्या केंद्रात नोकरीला असावं, त्यांच्या जागा भरलेल्या असाव्यात आणि पिशवीवर गिरणीच्या नावाखाली वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचंही नाव छापलेलं असावं, यासाठी मी ग्रामसभेत, पालकसभेत आणि आमदारांच्या भेटीत बोलत असते.